निळ्या ड्रमातले परके दाणे

१

तपासणीचा कागद सकाळी आला, अन् दुपारच्या जेवणाआधी आशाबाई चोर ठरली.

करिश्मानं आपला छोटा हत्ती टेम्पो गोदामाच्या दारात आणून लावला, तवा आत येवढे लोकं असूनबी कोणी बोलत नोव्हतं. दारातल्या कोंबड्या तेवढ्या रोजच्यासारख्या एकाच जागी चोची मारून राह्यल्या होत्या. तिथी खायाले काहीच नोव्हतं. फरशीवर एक गोल पांढुरका डाग, बस. करिश्मानं पायानं कोंबड्या हाकलल्या अन् आत शिरली.

"कोणी मेलं का?"

"बियाणं मेलं," दीपिका म्हणाली. दीपिका म्हणजे बियाणं तपासणारी पोरगी, सिंदेवाहीकडची, शेतीचं शिकून आलेली. तिच्या हातात तपासणीचा कागद होता. "दिवाळीनंतरचा सगळा माल फेल. बारीक धानात परके दाणे निंगाले."

सावली गावाच्या पुढं उमरझरी आहे. तिथी आजूबाजूच्या गावातल्या अन् जंगलातल्या पाड्यातल्या बायकाईनं मिळून कंपनी काढली, झाडीमाय बियाणे कंपनी. घरी बियाण्याचं धान पिकवाचं, कंपनीच्या नावानं विकाचं. आता बियाण्याचं धान म्हणजे खायाचं धान नोव्हे. खायाच्या धानात चार दाणे इकडचे तिकडचे आले तर भात शिजतेच. बियाण्यात आले तर पुढच्या साली धानाच्या बांधीत अर्धं पीक कमरेयेवढं अन् अर्धं छातीयेवढं. मंग घेणारा शेतकरी दारात येऊन शिव्या देते, अन् बरोबरच देते.

खुर्चीवर प्रणित सर बसले होते. नागपूरचे. दिवाळीत मॅनेजर म्हणून आले, अन् आल्या आल्या भिंतीवर पांढरा फळा ठोकला. त्याच्यावर चौकोन काढले, चौकोनाले बाण लावले. शेत, घर, ड्रम, पोतं, गोदाम, दुकान. "ही आपली सिस्टीम," असं म्हणत. शेजारी दुसरा बोर्ड होता गावाईचा. ज्या गावचा माल लवकर आला ते गाव हिरवं, उशीर झाला ते लाल. लाल रंगाच्या भेवानं बायका ताप असला तरी धान वाळवत.

"माल घरून निघाला तेव्हा शुद्ध होता," प्रणित सर म्हणाले. "दीपिकानं वावरात उभं पीक पाहिलं होतं, ते पास झालं. गोदामात आला आणि भेसळ झाली. आणि परके दाणे पोत्यात कुठे सापडले? तोंडाशी, वरच्या वर. कोणीतरी पोतं उघडलं आणि वरून टाकलं. गोदामाची चावी कोणाकडे असते?"

हे विचाराची गरजच नोव्हती. चावी आशाबाईजवळ असे, कंपनी सुरू झाली तवापासून.

आशाबाई भिंतीले टेकून उभी होती. उंच बाई, पांढरे केस, कपाळावर गोंदण. ती रडली नाई. तिनं कमरेची चाव्याईची जुडी काढली, आपला जेवणाचा स्टीलचा डबा उघडला, त्याच्यातली भाकर पदरात घेतली, अन् जुडी त्या डब्यात टाकून डबा टेबलावर ठेवला.

"चाव्या तुमच्या," ती म्हणाली. "डबा माह्या घरचा आहे. वापस पाठवजा."

"बाई, उद्या संचालकाईची बैठक आहे," इंदुताई म्हणाल्या. इंदुताई कंपनीच्या अध्यक्ष. त्या आशाबाईकडं पाहत नोव्हत्या, आपल्या चपलीकडं पाहून राह्यल्या होत्या. "तिथी तुमी सांगजा तुमचं."

"उद्या ठराव होईल आणि पोलिसात तक्रार जाईल," प्रणित सरांनी सरळ सांगतलं.

करिश्मा टेबलापाशी सरकली. याच आशाबाईनं तिच्या हाती स्टेअरिंग दिलं होतं. अख्खं गाव म्हणे, पोट्टी काय गाडी चालवन, नाल्यात घालन. आशाबाई म्हणाली होती, नाल्यात घातली तर मी काढीन. येवढ्यावर तिले काम लागलं.

"कायची तक्रार? पाह्यलं का कोणी बाईले टाकताना? का फळ्यावरच्या बाणानं सांगतलं तुमाले?"

"करिश्मा," आशाबाईनं हळूच हाक मारली. दारात बोलावून तिनं पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढला. "हा तुहा. काल गाडीत राह्यला होता, मी घासून ठेवला."

डबा भरून बोरं होती. करिश्मा रागाच्या भरात दोन-दोन तोंडात टाकत, बिया थुंकत आत-बाहेर करत राह्यली. बोरं कुठून आली, काऊन आली, हे तिच्या डोक्यातबी आलं नाई.

तेवढ्यात प्रणित सर दारात आले अन् त्याईनं हात समोर केला.

"गाडीची चावी पण दे. घर आणि गोदाम, याच्या मधे गाडी पण असते."

२

चावी तिनं देली नाई. "उद्या बैठकीत घेजा," म्हणाली अन् गाडी काढली ते थेट सावलीच्या बस स्टॅंडवर. टपरीवर धनराज बसला असन हे तिले माहीत होतं.

धनराज म्हणजे व्यापाऱ्याचा माणूस. कंपनी निंगाच्या आधी अख्ख्या भागातलं धान त्याच्याच काट्यावर जाये. कंपनी बुडाली तर सगळ्यात आधी पेढे कोण वाटन, हे शेंबड्या पोरालेबी कळे. तो गोदामात ये-जा करे, मुखरू हमालासंगं बिड्या फुके.

करिश्मानं त्याच्या हातातला चहाचा कप उडवला.

"तू टाकले का दाणे?"

"कोणते दाणे बे?" धनराज शर्ट झटकत उठला. "पागल झाली का? गरम होता चहा."

"बियाण्यात भेसळ झाली. आशाबाईवर आळ आला. तुह्याशिवाय कोणाले फायदा आहे?"

टपरीवरचे लोकं वळून पाहाले लागले. धनराजनं रुमालानं छाती पुसली. मंग तो हसला, अन् ते हसणं करिश्माले थापडीसारखं लागलं.

"फायदा मले आहे. खोटं नाई बोलत. तुमची कंपनी बुडाली तर मी खरंच पेढे वाटीन, तुलेबी देईन. पण कोणते दाणे निंगाले ते तर सांग."

"परके."

"परके म्हणजे कोणते? मी धंदेवाला आहो, समजलं का? मले भेसळ कराची असती तर मी एक सस्तं ठोकळ धान आणलं असतं अन् सगळ्या पोत्यात तेच ठोकलं असतं. जाय, जाऊन पाह्य. एकच असन तर ये अन् मार मले. अन् चहा सांग एक, तुह्या नावावर."

करिश्मानं चहा सांगतला नाई. गाडीत येऊन बसली अन् स्टेअरिंगवर मूठ मारली. कारण तिनं पाह्यलंच नोव्हतं. गोदामात येवढा आरडाओरडा केला, पण दाणे कोणते होते हे एकदाबी विचारलं नोव्हतं.

३

दीपिका टेबलाशी एकटीच होती. समोर पांढऱ्या ताटल्या मांडल्या होत्या, अन् ती चिमट्यानं दाणे वेगळे करून राह्यली होती.

"आता माह्यावर ओरडाले आली का?" मान वर न करता ती म्हणाली. "नमुने मीच काढले. पोते मीच उघडले. म्हण, दीपिकानं टाकले."

"टाकले का?"

"चूप बस, अन् पाह्य."

करिश्मानं पाह्यलं, अन् तिचा राग एकदम अडखळला. पहिल्या ताटलीत जाडं ठोकळ धान. दुसऱ्या ताटलीत काळ्या टरफलाचं. तिसरीत वासाचं बारीक, पण आपलं नाई. चौथीत तर धानच नोव्हतं, लाखोळी होती. तीच लाखोळी, जी झाडीपट्टीत धान कापल्यावर बांधीत टाकते अन् जिची डाळ घरोघरी शिजते. पाचव्या ताटलीत धानाच्या चार दाण्यासंगं एक सुकलेलं मोहफूल पडलं होतं.

"हे काय आहे?"

"परके दाणे. दर पोत्यात वेगळे. अन् किती? बस, मूठभर. मी सरांले दाखवलं. ते म्हणाले, भेसळ म्हणजे भेसळ, तिची जात काय पाहायची."

"लाखोळी कोण मिसळते बियाण्यात? ते तर आंधळ्यालेबी दिसन."

"तेच तर." दीपिकानं चिमटा ठेवला. तिचे डोळे लाल झाले होते. "लपवाचं असतं तर सारखा दाणा टाकला असता. हे ज्यानं टाकलं त्याले लपवाचंच नोव्हतं. अन् दुसरी गोष्ट, दिवाळीच्या आधीचा सगळा माल साफ आहे. आशाबाई तवाबी होती, आताबी आहे. बाई तर बदलली नाई. मंग दिवाळीत काय बदललं?"

"सर आले."

"सर आले हे मलेबी माहीत आहे. सर येऊन मुठी टाकत फिरले का?" दीपिका चिडून म्हणाली. "नुसतं नाव घेतल्यानं होत नाई करिश्मा. ते आशाबाईचं नाव घेते, तू धनराजचं घेते, मी तुमच्या दोघाईचं घेईन. त्यानं दाणा कुठून आला ते कळणार आहे का?"

करिश्मा कोपऱ्यातल्या पोत्याईजवळ गेली. काही अजून उघडले नोव्हते. तिनं एक पोतं उलटवून तोंडाची शिवण पाह्यली. दोरा दुहेरी, टोकाले डाव्या हाताची गाठ. ज्या बाईचं धान तिच्या दारातच पोतं ड्रमातून भरून, तिथीच शिवाचं, अन् मंगच गाडीत टाकाचं, अशी रीत होती.

"हे उघड."

दीपिकानं ब्लेडनं दोरा कापला. वरच्या वरच काळे दाणे दिसले, ओंजळीत बसतीन येवढे. खाली सगळं सोन्यासारखं साफ.

"म्हणजे गोदामात कोणी उघडलंच नोव्हतं," दीपिका म्हणाली. "आशाबाई सुटली. शिवाच्या आधीच दाणे आत होते." अन् मंग तिचा आवाज खाली गेला. "करिश्मा, शिवते कोण?"

करिश्मा आपल्या डाव्या हाताकडं पाहत राह्यली. सगळ्या पोत्याईवर गाठ तिचीच होती.

४

सकाळी गाडी जंगलाच्या रस्त्यानं लागली तवा मोहाखाली बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. करिश्मानं कोणाले हात दाखवला नाई. तिच्या डोक्यात एकच होतं. काळ्या टरफलाचं धान अख्ख्या फेऱ्यात एकाच घरी होते, सोमारी आत्याच्या. अन् ते दाणे निंगाले ते सोमारीच्या पोत्यात नाई, शेजारच्या मयुरीचं नाव असलेल्या पोत्यात. मयुरीच्या अन् सोमारीच्या घराचं वावराच्या धुऱ्यावरून जुनं भांडण. दोन अन् दोन चार.

अंगणात सोमारीचा नवरा पत्रू दोर वळत बसला होता. करिश्मानं गाडी बंदबी केली नाई.

"आत्या कुठी आहे? बाहेर ये म्हणा. मयुरीच्या बियाण्यात धान टाकते. धुऱ्याचं भांडण धुऱ्यावर कराव ना. तिकडं आशाबाईले जेलात टाकून राह्यले."

सोमारी बाहेर आली. छोटीशी म्हातारी, पण तिचा आवाज रानात पार ऐकू जाये.

"कोण टाकते? मी? मयुरीच्या बियाण्यात? मी त्या बाईचं तोंड पाहत नाई, तिच्या धानाले कायले हात लावू?"

"तुहं काळं धान तिच्या पोत्यात निंगालं."

"मंग तिनं चोरलं असन."

"आत्या, मूठभर धान कोण चोरते?"

दोघी एकीपेक्षा एक चढ बोलत होत्या, तवाच पलीकडच्या घरून एक बाई निळा ड्रम डोक्यावर घेऊन आली. प्लास्टिकचा, कंपनीचा. तिनं तो सोमारीच्या ओसरीवर ठेवला. "माहं पोतं झालं भरून, आता तुमचं भरा. लवकर कराव, आपलं गाव लाल झालं म्हणते." येवढं बोलून ती गेलीबी.

सोमारीनं बोलता बोलताच ड्रमात पाह्यलं, मान हलवली, अन् सुपातलं आपलं वाळवलेलं बियाणं ड्रमात ओताले लागली.

"थांब," करिश्मा म्हणाली.

ती खाली उतरली. ड्रमात डोकं घातलं. सोमारीचं बारीक बियाणं हातानं जरा सारलं, तर तळाले मूठभर लाखोळी दिसली.

"हे काय आहे?"

"काय आहे म्हणजे? लाखोळी. बिचारीचं खायाचं धान सरलं असन, म्हणून लाखोळी टाकली."

"टाकली काऊन?"

आत्यानं तिच्याकडं असं पाह्यलं, जसं करिश्मानं पाण्यानं काऊन भिजते हे विचारलं.

"पोरी, दुसऱ्याचं भांडं वापस कराचं तर रिकामं कसं देऊ? तुह्या मायनं शिकवलं नाई का? भांडण असलं तरी भांडं रिकामं जात नाई. मयुरीले ड्रम मीच देला, तोंड वळवून देला, पण मूठ टाकूनच देला."

"अन् जिले भेटला तिनं ती मूठ काढाव ना."

"दुसऱ्याची मूठ ओतून फेकतीन का? अपशकून करतीन? वरून आपलं भरते."

पत्रू दोर वळता वळता म्हणाला, "पहिले ड्रम गाडीतच जात. मुठीसकट. तिकडं काय होये ते आमाले काय माहीत. आता तुमीच म्हणता, ड्रम वापस नोको, घरून घरी फिरवा."

करिश्मा ओसरीवर बसली. तिले कालचा डबा आठवला, घासून पुसून वापस आलेला, बोरानं भरलेला. चोर ठरवलेली बाई, चाव्या देऊन बसलेली बाई, तिनं त्या वक्तीबी दुसऱ्याचा डबा रिकामा देला नोव्हता.

मंग तिले गोदामाच्या दारातल्या कोंबड्या आठवल्या. अन् तो गोल डाग. ती झटक्यात उठली.

"आत्या, हा ड्रम मी नेतो. असाच."

"गाव लाल होईन ना."

"होऊ दे लाल."

५

बैठक गोदामातच होती. सतरंजीवर संचालक बायका, खुर्चीवर इंदुताई, फळ्याजवळ प्रणित सर. आशाबाई दारात, जिथी चपला काढते तिथी बसली होती. कोणी तिले आत ये म्हटलं नोव्हतं. टेबलावर तिचा स्टीलचा डबा तसाच होता.

करिश्मानं ड्रम ओढत आणून मधोमध ठेवला.

"ठराव मंग करजा. पहिले एक पोतं आणा, मोठ्या तोंडाचं."

"हे बैठकीचं काम नाही," प्रणित सर म्हणाले.

"पाहू द्या," इंदुताई म्हणाल्या. कालपासून पहिल्यांदा त्याईनं मान वर केली होती.

करिश्मानं अन् दीपिकानं ड्रम उचलून पोत्यात ओतला. बारीक धान सरसर खाली गेलं. सगळ्यात शेवटी तळाची लाखोळी आली अन् पोत्याच्या तोंडाशी बसली, वरच्या वर.

सतरंजीवरची एक बाई "अगं माय" म्हणाली. ओळखलं तिनं, काय झालं ते. हळूहळू सगळ्याच ओळखाले लागल्या, कारण प्रत्येकीनं कोणत्या ना कोणत्या ड्रमात मूठ टाकली होती.

"ड्रमाचा तळ म्हणजे पोत्याचं तोंड," करिश्मा म्हणाली. "म्हणून तुमाले दिसलं का कोणी वरून टाकलं. शिवण कोणी उघडली नाई, गाठ माहीच होती. दर पोत्यात दाणा वेगळा, कारण तो वेगळ्या घरचा. सोमारीचा दाणा मयुरीच्या पोत्यात, कारण सोमारीनंतर ड्रम मयुरीकडं गेला. ज्याचं पोतं त्याचा दाणा नोव्हे, त्याच्या आधी ज्याच्याकडं ड्रम होता त्याचा. पोत्याईवर नावं आहे. लावून पाहा."

दीपिकानं ताटल्याईवरची अन् पोत्याईवरची नावं घराच्या ओळीनं ताडून पाह्यली. ती म्हणाली, "लागते. सगळं लागते."

"म्हणजे या बायकांनीच केलं," प्रणित सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तोच होता. "ठीक आहे. मुद्दाम नाही, पण केलं. उद्यापासून नोटीस लावू. ड्रम रिकामा म्हणजे रिकामाच द्यायचा. ज्या घराची मूठ सापडली त्या गावाला दंड."

तवा दीपिका उठली. तिनं फळा पुसला. सगळे चौकोन, सगळे बाण. प्रणित सर "अरे" म्हणत राह्यले.

"सर, तुमचे बाण सगळे समोरच जात होते," ती म्हणाली. "शेतातून दुकानात. वापस येणारा एकबी नोव्हता." तिनं एक गोल काढला अन् बोलत बोलत त्याच्यावर लिहत गेली. "रिकामे ड्रम गाडीत दिसले, तुमाले वाटलं फालतू आहे. अर्धे विकले. ड्रम कमी पडले, तर उरलेले घरून घरी फिरले. घरून घरी फिरले, तर मूठ बियाण्यात गेली. त्याच्यावर लाल रंगाची घाई, कोणी थांबून पाहन कसं. माल फेल झाला. आता तुमी दंड लावसान, तर बायका मूठ लपवून टाकतीन, अन् पुढच्या साली मले ताटलीतबी दिसणार नाई."

"मग पूर्वी का फेल होत नव्हतं?" प्रणित सरांनी विचारलं. खरंच विचारलं, हे करिश्माले मान्य करा लागलं. "मूठ तर तेव्हाही टाकत होत्या."

करिश्मा दाराकडं गेली, त्या गोल डागापाशी.

"इथी काय होतं बाई?"

"डालं होतं," आशाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "मोठं टोपलं, बांबूचं. गाडी आली का मी दर ड्रम त्याच्यात पालथा करो. फटका मारून सगळी मूठ पाडो. मंग ड्रम पुसून उन्हात उलटा ठेवो, दुसऱ्या फेरीले ते जाये. डालं भरलं का कांडून आणो. भात तुमीच खाल्ला ना, तोलाईच्या दिवशी. कोणी विचारलं का, हे तांदूळ असे चितरेबितरे, चार रंगाचे काऊन दिसते?"

करिश्मानं तो भात किती वेळा खाल्ला होता. वरण कमी पडलं म्हणून भांडलीबी होती.

"हे तुम्ही मला का नाही सांगितलं?" प्रणित सर म्हणाले.

आता आशाबाई उठली. कालपासून भिंतीले टेकलेली, चपलाईत बसलेली बाई सरळ उभी झाली, तर दाराची चौकट भरून गेली.

"सांगतलं नाई? तुमच्या माणसानं डालं उचललं तवा मी आडवी झाली होती. तुमी म्हटलं, गोदामात कचरा नको, अन् जेवण आपापल्या घरून आणा. मी म्हटलं, साहेब, मूठ कुठी जाईन? तुमी हसले. तुमाले वाटलं म्हातारी शकून-अपशकून बोलते. माहं काम तुमच्या फळ्यावर नोव्हतं, म्हणून ते कामच नोव्हतं. अन् नुकसान झालं तवा त्याच फळ्यावर मले चोर लिहलं."

प्रणित सर पुसलेल्या फळ्याकडं वळले. मंग त्याईनं करिश्माकडं बोट केलं. "ड्रम परत आणू नका, ही कल्पना माझी नव्हती. पहिल्या आठवड्यात हीच माझ्याकडे आली. म्हणाली, सर, रिकामे ड्रम वाहून वाहून कंटाळा आला, खडखड करतात, अर्धी गाडी अडवतात."

सगळ्या बायका करिश्माकडं पाहाले लागल्या. तिले वाटलं कोणी आपल्या तोंडावर गरम चहा उडवला. आशाबाईबी पाहून राह्यली होती. तिचं पाहणं सगळ्यात वाईट होतं, कारण त्याच्यात राग नोव्हता.

"हव," करिश्मा म्हणाली. "मीच म्हटलं. खडखड माह्या कानाशी होते, म्हणून म्हटलं. त्या गोलात माहंबी नाव लिव दीपिका. इंदुताईचंबी लिव, ड्रम विकाच्या कागदावर त्याईची सही आहे. पण सर, मी म्हटलं म्हणून मले कोणी पोलिसात देऊन नाई राह्यलं. तुमालेबी कोणी देऊन नाई राह्यलं. त्या गोलातल्या सगळ्याईत चावी कोणाची काढली? एकीच बाईची. जी येकटी रोज ते सगळं निस्तरत होती."

इंदुताईनं समोरचा ठरावाचा कागद उलटा करून ठेवला.

"नोटीस लागणार नाई," त्या म्हणाल्या. "दंडबी नाई. ड्रम वापस आणाचे, जितके विकले तितके. रिकामे ड्रम गाडीतून दारात, अन् त्याईतल्या मुठी डाल्यात. तो लाल-हिरवा बोर्ड खाली काढा. यंदाचं बियाणं तर गेलं, ते खायाचं धान म्हणून जाईन, अन् घरोघरी जाऊन ते सांगाले मी जाईन. तुमी संगं यान, सर."

"येईन," प्रणित सर म्हणाले.

"अन् बाईच्या चाव्या द्या."

प्रणित सरांनी टेबलावरचा स्टीलचा डबा उचलला. दोन हातानं धरून दारापर्यंत आले अन् आशाबाईसमोर धरला. "चूक झाली," असं काहीतरी म्हणाले, नीट ऐकू आलं नाई.

आशाबाईनं डबा घेतला. झाकण काढलं. चाव्याईची जुडी काढून कमरेले खोचली. मंग डब्यात पाह्यलं, अन् डबा तसाच उघडा, त्यांच्यासमोर धरून ठेवला.

"येवढंच?"

प्रणित सरांले आधी कळलंच नाई. मंग त्यांच्या कानापर्यंत लाल रंग चढला. त्याईनं खिसा चाचपला, खिशात मोबाईल अन् गाडीची किल्ली. इकडं तिकडं पाह्यलं. शेवटी पॅन्ट सावरत ते उघड्या पोत्यापाशी वाकले, वरचीच मूठ भरली, लाखोळी अन् धान एकत्र, अन् आणून डब्यात टाकली.

आशाबाईनं ती मूठ पाह्यली. दाराशी जाऊन डबा त्या गोल डागावर पालथा केला, अन् तळावर एक फटका मारला. कोंबड्या धावत आल्या.

"डालं उद्या आणजा," ती म्हणाली. "आज कोंबड्या खातीन."

करिश्मानं त्याच दुपारी गाडी काढली अन् गावोगावचे रिकामे ड्रम गोळा केले. वापस येताना सगळ्या रस्त्यानं ते कानाशी खडखड करत राह्यले. तिनं एकदाबी काच वर केली नाई.